कडब्याचा हिशेब विचारणारे वेडे

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. पुतण्याला गाडी घ्यायची होती म्हणून आम्ही अकोल्याच्या एका शोरूममध्ये गेलो. सोबत माझे मोठे बाबा होते. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वय ८४, गाव वाशीम तालुक्यातलं, सगळी हयात शेतीत गेलेली. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरवर अंगठा दाबून पाहिला, पाठीमागची डिक्की उघडायला लावली. टाय घातलेल्या पोरानं मायलेजचा आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "हायब्रीड आहे काका. एकदम पर्यावरणपूरक." तसे ते खुर्चीत नीट सावरून बसले.

"हायब्रीड आमी बी पेरलं होतं, बाबू," ते म्हणाले. "दाना लय देये. पन कडबा नाई देये. तुह्या गाडीचा दाना तू सांगतला. आता कडब्याचं सांग."

पोरगं हसलं. बाजूच्या टेबलावरचे दोघं हसले. पुतण्या कानापर्यंत लाल झाला आणि परतीच्या वाटेवर पातूर येईस्तोवर गप्प राहिला. घरी आल्यावर आईला म्हणाला, "आबाजीले नेलंच कायले? येड्यावानी बोलून राहिले होते तिथी."

येड्यावानी. हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. हायब्रीड गाडी पर्यावरणाची मित्र आहे का, यावर मी बरंच वाचलं आहे, अनेकांशी बोललो आहे, आणि माझं मत असं झालं आहे की त्या दिवशी शोरूममध्ये विचारलेल्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला कुठेच भेटला नाही. म्हणून ही वेड्यांची स्तुती लिहायला घेतली. वाशीम जिल्ह्यात मोठ्या बाबांसारखे वेडे आणखीही आहेत. त्यांच्याबद्दलही लिहायचं आहे, आणि लिहिणार आहे ते मनापासून.

आधी कडब्याचं सांगतो, कारण ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांना तो प्रश्न असंबद्ध वाटेल. वऱ्हाडात 'हायब्रीड' हा शब्द गाडीच्या कितीतरी आधी आला, तो ज्वारीला चिकटून. सीएसएच-१ हे आपल्याकडचं संकरित ज्वारीचं पहिलं वाण १९६४ मध्ये आलं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्या शेजारच्या पुसदकडचे, आणि संकरित बियाणं शेतकऱ्याच्या गळी उतरवायचा त्यांचा ध्यास होता. मोठे बाबा तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे. त्यांनी पेरलं. दाणा खरोखरच दुप्पट-तिप्पट भरला. टंचाईच्या त्या वर्षांत त्या दाण्यानं लोक जगवले, हे मोठे बाबा आजही हात जोडून सांगतात. पण गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावर हात-दोन हात जायची आणि हे नवं वाण छातीला लागायचं. लवकर निसवायचं, मग कणसं नेमकी पावसात सापडायची आणि दाणा काळा पडायचा. कडबा बुटका, थोडा, आणि बैलाला न आवडणारा. बैलाला चारा विकत घ्यायची पाळी आली, तसा एकेक जोडी कमी होत गेली. जोडी कमी तसं शेणखत कमी. शेणखत कमी म्हणून युरियाचं पोतं. दाण्याचा हिशेब सरकारी तक्त्यात लिहिलेला होता. कडब्याचा हिशेब गोठ्यात होता, तो कुणी लिहिला नाही.

आता त्यांचा प्रश्न पुन्हा वाचा. गाडी पेट्रोल कमी पिते हा तिचा दाणा. बाकी काय जातं, कुठून जातं, कुणाचं जातं, हा कडबा.

दाण्याबद्दल मी अन्याय करणार नाही, कारण दाणा खरा आहे. पुतण्यानं शेवटी तीच गाडी घेतली आणि मी तिच्यात पुष्कळ बसलो आहे. पाटणी चौकात संध्याकाळी काय गर्दी असते ते वाशीमकरांना सांगायला नको. ऑटो, भाजीच्या गाड्या, शिकवणीची पोरं, मधेच एखादी गाय. तिथे ही गाडी थांबली की इंजिन बंद होतं. पुढचा माणूस सरकला की गाडी इंजिनाशिवाय, विजेवर, अगदी गुपचूप पाच-दहा फूट सरकते. समोरच्या पडद्यावर छोटे बाण फिरतात, चाकाकडून बॅटरीकडे, बॅटरीकडून चाकाकडे. ब्रेक दाबला की साध्या गाडीत चाकाचा वेग नुसता तापून वाया जातो. इथे मोटरच जनित्र होऊन त्यातून वीज करते आणि साठवते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. माझा सगळा जन्म त्या चौकात धूर गिळत गेला आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या केळीवाल्या बाईच्या तोंडावर निदान ही एक गाडी धूर सोडत नव्हती. जुन्या गाडीचं मायलेज पुतण्याला १६ पडायचं, या गाडीचं २२ पडतं. हा फायदा लहान नाही आणि ज्यांनी ही यंत्रणा बसवली त्यांच्या बुद्धीला मी सलाम करतो. टोयोटानं प्रियस ही गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विकायला काढली, तेव्हापासून या विचारावर सतत काम झालेलं आहे.

पण शेतकरी बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग वाचून घेतो, तसं इथेही लेबल वाचावं लागतं. आपल्याकडे २०१५ च्या सुमारास 'स्मार्ट हायब्रीड' अशा नावाच्या गाड्या आल्या. त्यांतली मोटर इंजिनाला हातभार लावते, एकटीच्या जिवावर गाडी ओढू शकत नाही. केंद्र सरकारच्या 'फेम' योजनेत अशा गाड्यांनाही सवलत मिळत होती. २०१७ मध्ये ती काढून घेतली गेली. त्याच वर्षी जीएसटी आला आणि हायब्रीड गाड्यांवर उपकर धरून ४३ टक्के कर बसला. दोन वर्षांत लाडकी आणि मग नावडती, असं का झालं? कारण एकाच शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जात होत्या. 'हायब्रीड' असं पाठीवर लिहिलेलं असलं म्हणजे आतलं बी एकच असतं असं नाही, आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला हे शोरूमवाल्यानं समजावण्याची गरज नाही. त्यानं बोगस बियाण्यापायी अख्खे हंगाम घालवलेले आहेत.

पक्क्या हायब्रीडचंही थोडं जवळून पाहू. २०२२ मध्ये आलेल्या मारुतीच्या ग्रँड विटाराचं किंवा टोयोटाच्या हायरायडरचं उदाहरण घ्या. जाहिरातीत लिटरला जवळपास २८ किलोमीटरचा आकडा होता. त्यांतली बॅटरी ०.७६ युनिटची आहे. म्हणजे किती? घरातला छताचा पंखा रात्रभर फिरवला तर जेवढी वीज लागते तेवढी. पुतण्याची गाडी याच जातीची. मेडशीच्या पुढे आपण पातूरचा घाट उतरतो तेव्हा वाशीमचं पठार संपून अकोल्याचं मैदान लागतं. उतारावर ही गाडी वीज करत करत जाते आणि घाट संपायच्या आतच तिची डबी भरते. पुढचा उतार मग साध्या गाडीसारखाच उतरायचा, ब्रेक तापवत. आणि ही वीज आली कुठून? आदल्या दिवशी घाट चढताना जाळलेल्या पेट्रोलमधून. या जातीच्या हायब्रीड गाडीला बाहेरून वीज मिळत नाही. तिच्यातला प्रत्येक कण पेट्रोल पंपावरून आलेला असतो. ती फक्त काटकसरी आहे, सांडलेलं उचलून घेणारी. मी हे तिच्या कौतुकातच सांगतो आहे, आमच्या आजीही तशाच होत्या. मात्र सांडायलाच काही नसेल तिथे उचलणार काय?

तसं ठिकाण आमच्या जिल्ह्यातच आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तीन तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला ५ जून २०२५ ला, जागतिक पर्यावरण दिनी. गाड्यांना वेगाची मर्यादा १२०. तिथे सिग्नल नाही, गाय नाही, ब्रेक दाबायचं कारण नाही, म्हणजे चाकातून वीज करायचंही कारण नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० च्या जागी १२० नं चाललं की तो सव्वादोनपट होतो. पाटणी चौकातली काटकसर शेलू बाजारच्या इंटरचेंजवर चढली की पातळ होत जाते. पुतण्यालाच हे पडद्यावर दिसलं आणि त्यानं प्रामाणिकपणे मला सांगितलं, "काका, नागपूरले जातानी अठरावर येते." मी म्हटलं, ९० नं चालव. तो म्हणाला, मंग समृद्धीवर कायले जायचं.

ह्याच रस्त्याच्या आसपास कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे. संध्याकाळी तिथल्या माळावर उभं राहिलं तर गवताच्या वर फक्त शिंगांचे पीळ दिसतात, आणि मग कळप उधळला की एकेक नर उंच उडी घेत जातो, जणू अदृश्य कुंपणावरून. महामार्ग बांधताना प्राण्यांना ये-जा करायला पूल आणि भुयारं ठेवली आहेत, हे चांगलं झालं. पण रस्ता म्हणून जी पट्टी गेली ती गेली. काळविटाला समोरून येणारी गाडी हायब्रीड आहे की डिझेल हे विचारायची सोय नाही. टायर झिजून जी धूळ उडते तीही दोन्हींची सारखीच. कडब्याचा हिशेब म्हणतात तो हा.

आणखी एक पेंढी दूरची आहे. मोटरमधल्या चुंबकाला निओडिमियम आणि डिस्प्रोसियम लागतं. त्यांतल्या निओडिमियमचा मोठा साठा चीनच्या अंतर्गत मंगोलियात बायान ओबोच्या खाणीत आहे, आणि त्या खाणीचा गाळ बाओटौ शहराजवळच्या तळ्यात साठवलेला आहे. अनेक बॅटऱ्यांत कोबाल्ट असतो, आणि जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोतून येतो. एप्रिल २०२५ मध्ये चीननं या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा आपल्या गाडी कारखानदारांची झोप उडाली होती. अकोल्याच्या शोरूमच्या काचेमागे उभी असलेली पांढरी गाडी किती गावांचा कडबा खाऊन आलेली असते! न्यायानं सांगायचं तर हायब्रीडची बॅटरी लहान असल्यानं हा भार पूर्ण विजेच्या गाडीपेक्षा बराच कमी असतो. आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आमच्या भागात ती कोण आणि कुठे परत घेईल हे पुतण्यानं गाडी घेताना विचारायला हवं होतं. शोरूममध्ये त्या दिवशी हे सुचण्याइतका वेडा एकच माणूस होता आणि त्याच्यावर सगळे हसत होते.

पण सगळ्यात मोठी गळती ना खाणीत आहे ना घाटात. ती आपल्या मनात आहे, आणि ती मी घरातच पाहिली. जुन्या गाडीवर पुतण्याचं वर्षाला साधारण १२ हजार किलोमीटर व्हायचं. १६ च्या हिशेबानं ७५० लिटर. नव्या गाडीवर तेवढाच फिरला असता तर २२ च्या हिशेबानं साडेपाचशेच्या आत. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला पावणेपाचशे किलो वाचला असता. मी डायरीत लिहून ठेवलं होतं. आणि झालं काय? गाडी कमी पिते म्हटल्यावर फिरणं वाढलं. शेगावला दर महिन्याला, नागपूरला लग्नाच्या नुसत्या बैठकीला, हिंगोलीला कपडे घ्यायला. या चालीनं वर्षाला १८ हजार होतील. १८ हजाराला २२ नं भागा, ८१८ लिटर येतात. जुन्या खादाड गाडीपेक्षा जास्त. इंग्लंडमधले विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं होतं: इंजिन सुधारलं, कोळसा कमी लागू लागला, म्हणून इंजिनं वाढली आणि एकूण कोळसा जास्त जळला. पुतण्या वाईट नाही. त्याच्या मनात चोर नाही. उलट त्याला वाटतं की आपण चांगल्या गाडीत आहोत, मग फिरलं तर काय बिघडलं. 'पर्यावरणपूरक' या शब्दानं त्याची टोचणी काढून घेतली, आणि टोचणी हीच त्याची सगळ्यात मोठी काटकसर होती.

मग काय, पूर्ण विजेची गाडी घ्यायची? महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानं अशा गाड्यांना समृद्धीवर टोलमाफी देऊ केली आहे. पण आमच्या शेजारी अकोला जिल्ह्यात पारसचं औष्णिक केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. त्याची धुराडी पाहिलेल्या माणसाला प्लगमागे काय आहे ते सांगावं लागत नाही. देशातली तीन-चतुर्थांशाच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे, आणि ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. वाशीम-अकोला जाऊन-येऊन १६० किलोमीटर. मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीला किलोमीटरला ०.१५ युनिट धरलं तर २४ युनिटं, म्हणजे १७ किलोच्या आसपास. पुतण्याच्या हायब्रीडला सव्वासात लिटर, तेही १७ किलोच्या आसपासच. पेट्रोल शुद्ध करण्याचा, वाहून आणण्याचा खर्च वेगळा, विजेची तारेतली गळती वेगळी. आयसीसीटी या संस्थेनं २०२१ मध्ये जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडला होता. त्यात भारतातली विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनीच बरी ठरली, युरोपात मात्र ६६ ते ६९ टक्क्यांनी. फरक गाडीत नाही, वीज कशी होते त्यात आहे. आणि इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. विजेची गाडी जसजशी सौर आणि पवन वीज वाढेल तसतशी सुधारत जाईल. आज घेतलेली हायब्रीड मात्र पंधरा वर्षांनंतरही पेट्रोलच पीत असेल. शेतावर सौर पंप बसतो आहे, छतावर पाट्या बसताहेत, त्या उन्हाचा एक कणही तिच्या पोटात जाणार नाही.

या सगळ्या आकडेमोडीत मी दमून जातो तेव्हा मला आमचे वेडे आठवतात, ज्यांनी आकडेमोड न करता उत्तर काढलेलं आहे.

रिसोड रस्त्यावरच्या एका शाळेत एक मास्तर आहेत. सोळा वर्षं सायकलनं जातात. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. पगार आहे, ऐपत आहे, अंगणात मुलाची मोटारसायकल उभी आहे. लोक म्हणतात, मास्तरचा एखादा स्क्रू ढिला आहे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत ते पहाटेच निघतात आणि डोक्याला पांढरा दुपट्टा बांधतात. त्यांच्या सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी असते. तिच्यात पंक्चरचं सामान, एक टॉर्च आणि मुलांच्या वह्या. मी त्यांना एकदा पर्यावरणाबद्दल विचारलं तर म्हणाले, "मला रस्त्यात पोरं भेटतात, सर. गाडीत बसलो तर कोण भेटणार?"

दुसरा वेडा आमचा मिस्त्री. त्याच्या गॅरेजात पंचवीस वर्षांच्या जीपा येतात आणि चालत जातात. त्याला गाडी विकायला सांगितलं की राग येतो. "लोखंड मेलं नाई ना अजून," म्हणतो. नवी गाडी घडवायला खाणीपासून रंगापर्यंत जो धूर निघतो तो अनेक टनांचा असतो, आणि तो गाडी पहिला किलोमीटर चालायच्या आत निघून गेलेला असतो. महिन्यातून चार वेळा दवाखान्याला नि बाजाराला जाणाऱ्या माणसानं चालती गाडी मोडून हायब्रीड घेतली तर तो धूर फिटायला कितीतरी वर्षं लागतील. शहरात रोज भाड्याची टॅक्सी चालवणाऱ्यानं घेतली तर लवकर फिटेल. गाडी कोणती यापेक्षा ती कुणाच्या हातात आणि कुठल्या रस्त्यावर हे जास्त मोठं आहे, हे मिस्त्रीला गिऱ्हाइकाच्या चपला पाहून कळतं.

आणि एसटी. १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी पहिली बस सुटली, तेव्हापासून या राज्याचं खरं सामायिक वाहन तीच. लिटरला साडेचार किलोमीटर देणारी, धूर सोडणारी डिझेलची बस. तिला पर्यावरणपूरक कुणी म्हणत नाही. पण चाळीस माणसं बसली तर अकोल्याच्या जाण्या-येण्याला माणशी अडीच किलोच्या आत पडतं. एकटा पुतण्या हायब्रीडमधून १७ किलो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. तेव्हापासून मंगळवारी-शुक्रवारी वाशीमच्या स्टँडवर जी झुंबड असते तिला शहाणे लोक नाकं मुरडतात. मला ती झुंबड पाहून बरं वाटतं. माझी आत्या सत्त्याहत्तरची आहे, ती महिन्यातून दोनदा निव्वळ माहेर पाहायला येते. एवढं मोठं पर्यावरणाचं काम तिच्या हातून होतं आहे हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "चाल हट."

कारंज्याच्या वेड्यांचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची नॅरोगेज, शकुंतला तिचं लाडाचं नाव, कारंजा लाडवरून जायची. किलिक निक्सन कंपनीनं १९१० मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ती मालमत्ता, वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला घातलेली. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिनं १५ एप्रिल १९९४ पर्यंत वापरलं, मग डिझेल आलं. चालत्या गाडीतून माणूस उतरून पुन्हा चढू शकेल अशी तिची चाल. ती बंद पडून आता काही वर्षं झाली, रुळांत गवत वाढलं. तरी कारंजा, मूर्तिजापूर, यवतमाळकडे अशी माणसं आहेत जी निवेदनं देतात, सभा घेतात, ब्रॉडगेज करून गाडी पुन्हा सुरू करा म्हणतात. समृद्धी दारात आली असताना यांना रेल्वे हवी, म्हणून लोक त्यांना जुन्यात अडकलेले म्हणतात. मला त्यांच्याइतके पुढचं पाहणारे कमी दिसतात. अकोला-पूर्णा ही मीटरगेज २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली तेव्हाही असंच म्हणणारे होते. आज वाशीम स्टेशनवर उभं राहून पाहा, त्या एका रुळानं रस्त्यावरच्या किती गाड्या कमी केल्या आहेत. रुळावर लोखंडाचं चाक लोखंडावर फिरतं, रबराच्या चाकापेक्षा फार कमी ताकदीत. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कापूस न्यायला कळत होती, आज माणूस न्यायला कळायला हवी.

मोठ्या बाबांवर येतो. माघात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, अकोल्याला. पुतण्यानं पहाटे हायब्रीड काढली. मी पुढे बसलो, मोठे बाबा मागे, पांढरं धोतर, कानाला मफलर. गाव सोडून फाट्यावर आलो तर एसटीची वाट पाहत दोन बाया आणि एक पोरगं उभं. मोठे बाबा म्हणाले, "थांबव."

"आबाजी, उशीर होऊन राहिला."

"थांबव म्हनतो ना. रिकामी बंडी कधी बजारात नेली का आपन? जातानी कापूस, येतानी मीठ-तेल, नाई तं वाटेवरचा मानूस. रिकामी बंडी हाकनारा येडा, असं माहा बाप म्हने."

पुतण्या थांबला. बाया आधी बसेनात, लाजल्या, मग बसल्या. पोरगं माझ्या मांडीवर आलं. एकीच्या जवळ तुरीचं अर्धं पोतं होतं, अकोल्याला लेकीकडे द्यायचं. ते डिक्कीत टाकलं. मेडशी गेली, घाट लागला, पडद्यावरचे बाण चाकाकडून बॅटरीकडे धावायला लागले. पोरानं बोट दाखवून विचारलं, "हे काय होय?" पुतण्या त्याला सगळं समजावून सांगायला लागला, ब्रेक कसा वीज करतो, डबी कशी भरते. मोठे बाबा मागून ऐकत होते. घाट उतरून झाल्यावर त्यांनी पुढे वाकून पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "येतानी कोन कोन हाये आपल्यासंगं? त्याइले आत्ताच सांगून ठेव, स्टँडवर उभे राहतीन."